वाट पाहणाऱ्याचे घड्याळ

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत समोरासमोरच्या ओट्यांवर बसलेल्या माणसांना एकमेकांशी बोलायला आवाज चढवावा लागत नाही. सकाळी राजराजेश्वराच्या दर्शनाला जाणारी मंडळी, दूधवाले आणि शाळेचे ऑटो यांची वर्दळ असते. ती ओसरली की दुपारी कुरिअरच्या पोरांच्या मोटारसायकली येऊ लागतात. गेल्या वर्षीचा सबंध उन्हाळा आणि सबंध पावसाळा आमच्या समोरच्या वहिनींनी या मोटारसायकलींचा आवाज ऐकण्यात घालवला. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली की त्यांची शिलाई मशीन थांबायची. गाडी पुढे निघून गेली की ती पुन्हा सुरू व्हायची. माझ्या लिहिण्याच्या खोलीची खिडकी त्यांच्या ओट्यासमोरच आहे. त्यामुळे हे थांबणे आणि सुरू होणे मला रोज ऐकू येई.

वहिनी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात, जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचे काम घेतात. यजमान गेल्यापासून घर त्या एका मशीनवर चालले आहे. लग्नसराईत बायकांना भरतकाम केलेले ब्लाउज हवे असतात आणि ते काम बाजारातल्या मोठ्या दुकानांकडे जाते, हे पाहून त्यांनी भरतकामाची मशीन घ्यायचे ठरवले. मुलाने मोबाइलवर जाहिरात दाखवली. परदेशातून मशीनची खेप येणार होती. ती येण्याआधी नोंदणी करणाराला एकतीस हजारांची मशीन साडेबावीस हजारांत मिळणार होती. अट एवढीच, की सगळी रक्कम आगाऊ भरायची. बचत गटातली शिल्लक काढून वहिनींनी पैसे खात्यात जमवले आणि गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर मुलाने त्यांच्या कार्डावरून ते भरले. पावतीवर स्वच्छ लिहिले होते : ३१ मेपर्यंत घरपोच.

३१ मे आला आणि गेला. विक्रेत्याच्या फोनवर बोलणारी मुलगी मोठी गोड होती. माल बंदरात अडकला आहे, म्हणाली. पुढे राखीपौर्णिमेचा वायदा झाला, मग दसऱ्याचा; दसऱ्याला मशीनसोबत एक भेटवस्तूही मिळणार होती. प्रत्येक फोननंतर वहिनी ओट्यावर येऊन मला विचारायच्या, "भाऊजी, पैसे वापस मागू का अजून थांबू? मले त्यातलं काही समजत नाही." आणि प्रत्येक वेळी मी म्हणालो, "थांबा थोडं. मोठी वस्तू आहे, येईल."

दिवाळी झाली आणि त्या मुलीचा फोन लागेनासा झाला. मग आम्ही दोघे वहिनींच्या बँकेत गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने पावती पाहिली, समोरच्या कॅलेंडरवर बोट फिरवले आणि म्हणाला, "काका, ३१ मेपासून एकशेवीस दिवस म्हणजे २८ सप्टेंबर. त्याच्या आत आला असता तर कार्डाच्या तक्रारीत घातलं असतं." मी म्हणालो, त्यांनी पुढच्या तारखा दिल्या होत्या ना! त्याने विचारले, "लेखी आहे का काही?" नव्हते. सगळे वायदे फोनवरचे होते. आमच्या हातातल्या एकुलत्या एक कागदावर एकच तारीख होती आणि ती केव्हाच शिळी झाली होती.

यात त्या पोराची काही चूक नव्हती. चूक माझी होती. 'थांबा' म्हणणारा हा गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत अधिकारी होता, आणि त्या काळात त्याने दुसऱ्या कशापेक्षाही मुदतींचीच राखण जास्त केली होती.

बँकेची डायरी

ज्यांनी बँकेत नोकरी केली आहे त्यांना 'ड्यू डेट डायरी' आठवत असेल. कोणाच्या कर्जाचे कागद कधी 'टाइमबार' होतात, म्हणजे कायद्याने निकामी होतात, याची ती वही. कर्जवसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. त्या आत कर्जदाराने 'माझ्याकडे इतके येणे आहे' अशी लेखी कबुली देऊन सही केली तर तीन वर्षे नव्याने मोजायची, अशी तरतूद १९६३ च्या मुदत कायद्यात आहे. म्हणून आम्ही काय करायचो? कर्जदार कितीही भला असो, त्याच्या घरी आपले कितीही जाणे-येणे असो, तीन वर्षे भरत आली की तालुक्याच्या गावाहून एस.टी. पकडून त्याच्या शेतावर जायचे, चहा घ्यायचा, तुरीची चौकशी करायची आणि निघताना कागद पुढे करायचा. सही राहून गेली तर साहेबाला मेमो ठरलेला. माणसावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ नव्हता. विश्वास वेगळा आणि मुदत वेगळी, एवढे बँकेला कळत होते.

बँकेच्या पैशाबाबत मी ही दक्षता घेतली. शेजारणीच्या पैशाबाबत मात्र 'येईल हो' म्हणून मोकळा झालो. असे का झाले याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर एकट्या माझ्यापुरते नाही असे वाटल्यामुळेच हे लिहितो आहे.

नंबर लागण्याचे दिवस

आमची पिढी वाट पाहतच मोठी झाली. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षे मोजायची, गॅसचा नंबर लागला की गल्लीत पेढे वाटायचे. आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजची चेतक निघू लागली १९७२ साली, आणि पुढे कितीतरी वर्षे तिची नोंदणी म्हणजे मुलाच्या लग्नाइतकी दूरदृष्टीने करायची गोष्ट होती. पैसे आधी भरायचे आणि आपला नंबर येण्याची वाट पाहायची. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची तर याहून कठीण परीक्षा होती. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेत कापूस घातल्यावर चुकाऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे बाळापूर-अकोटकडच्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारावे. 'धीर धरणारा शहाणा' हे आम्हाला व्यवहारानेच शिकवले होते. हट्टाने पैसे परत मागणारा माणूस उतावळा ठरायचा, कारण नंबर सोडला तर पुन्हा रांगेच्या शेपटाला जावे लागे.

पण त्या वाट पाहण्यात एक गोष्ट होती, ती आज नाही. समोरचा कोण आहे हे ठाऊक असायचे. कारखान्याला पत्ता होता, डीलरचे दुकान टिळक रोडला किंवा गांधी रोडला होते, आणि त्याची मुलगी आपल्या मुलीच्या वर्गात असायची. उशीर होता, पण उशीर करणारा पळून जात नव्हता.

आगाऊ पैसे घेऊन पुढे वस्तू देणे यात मुळात काही वावगे नाही. आपल्या मराठी ज्ञानव्यवहाराचे एक फार मोठे काम असेच उभे राहिले. ज्यांचे बालपण आणि शालेय शिक्षण अमरावतीत झाले, त्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ साली नागपुरात ज्ञानकोश मंडळ काढले. हाताशी भांडवल नव्हते. भागधारक आणि वर्गणीदार गोळा करत, लोकांच्या विश्वासावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा डोंगर उचलला आणि १९२९ पर्यंत त्याचे तेवीस खंड वाचकांच्या हाती दिले. आजही आमचे प्रकाशक 'प्रकाशनपूर्व सवलत' जाहीर करतात, ती याच वाटेवरची. माझ्या स्वतःच्या एका कादंबरीची अशी नोंदणी झाली होती. छापखान्यात काम अडले, पुस्तक चार महिने उशिरा आले, आणि त्या चार महिन्यांत मला वाचकांची जी पोस्टकार्डे आली ती मी जपून ठेवली आहेत. एकात लिहिले होते, 'पुस्तक सावकाश येऊ द्या, पण तारीख कळवा.' लेखकाला लाजवणारे आणि व्यवहाराचे मर्म सांगणारे ते वाक्य होते. दुर्दैव असे, की वहिनींना सल्ला देताना मला ते आठवले नाही.

भरवशाच्या म्हशीला टोणगा

नोंदणीचे पैसे अडकल्याची उदाहरणेही महाराष्ट्राला नवीन नाहीत. १९९० च्या दशकात परदेशी मोटारी इथे बनू लागल्या तेव्हा मध्यमवर्गाने डोळे मिटून पैसे भरले. कल्याणजवळच्या कारखान्यातली प्यूजो ३०९, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट उनो, यांच्या नोंदणीला लोक रांगा लावून उभे राहिले. उनोची नोंदणी तर लाखांच्या घरात गेली. पुढे संप झाले, भागीदारांत बिनसले, गाड्या थोड्यांच्याच दारात आल्या. उरलेल्यांना गाडीऐवजी निदान भरलेली रक्कम तरी परत मिळावी म्हणून हेलपाटे घालावे लागले. 'बाजारात तुरी' ही म्हण तुरीच्या बाजारपेठेत राहणाऱ्या आम्हा अकोलेकरांना कोणी शिकवायला नको. पण जाहिरात रंगीत असली की म्हणी विसरायला होतात.

मग मोबाइलचा काळ आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या एका कंपनीने 'फ्रीडम २५१' नावाचा स्मार्टफोन अवघ्या दोनशे एक्कावन रुपयांत देण्याची घोषणा केली. १८ फेब्रुवारीला सकाळी नोंदणी सुरू झाली आणि लोकांची एवढी झुंबड उडाली की कंपनीचे संकेतस्थळच बंद पडले. ३० जूनपर्यंत फोन देऊ, असे सांगितले गेले. ईशान्य मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी या योजनेविषयी उघड शंका घेतली, सरकारी खात्यांनी चौकशी सुरू केली, आणि मग कंपनीने आगाऊ भरलेले पैसे परत करून 'फोन हाती आल्यावर पैसे द्या' असा पवित्रा घेतला. गाजावाजा झाला, खासदाराने आवाज उठवला, म्हणून पैसे परतीची भाषा तरी झाली. वहिनींच्या साडेबावीस हजारांसाठी कोण आवाज उठवणार? त्यांच्यासारख्यांची फसगत कधी बातमी होत नाही. ती घरातच जिरते, आणि बरेचदा 'तुला कोणी सांगितलं होतं?' या एका प्रश्नात घरातले लोकच ती जिरवतात.

इथे मला आपल्या पोस्ट खात्याची आठवण होते. व्ही.पी.पी.ची पद्धत या देशात १८७७ साली सुरू झाली. खेड्यातला वाचक पुण्याच्या प्रकाशकाला कार्ड टाकायचा, पुस्तक यायचे, पोस्टमन ओट्यावर बसायचा, पैसे घ्यायचा आणि पार्सल द्यायचा. वस्तू आणि पैसा एकाच क्षणी एकमेकांना ओलांडत. दोघांचा एकमेकांवर विश्वास नसला तरी तिसऱ्यावर, म्हणजे पोस्टमनवर, दोघांचाही होता. २०१० नंतर आपल्याकडे ऑनलाइन खरेदी घरोघर रुळली ती याच जुन्या युक्तीमुळे : वस्तू आल्यावर पैसे. आगाऊ नोंदणीत नेमका तो पोस्टमन गळून पडतो. पैसा आज जातो, वस्तू उद्यावर राहते, आणि मधल्या काळात ग्राहकाजवळ उरते ती फक्त एक तारीख.

तीन घड्याळे

ती तारीख किती मोलाची असते हे मला उशिरा कळले. त्या दिवशी बँकेतून परत आल्यावर मी जुन्या सवयीने कागद घेऊन बसलो आणि अशा खरेदीत ग्राहकाच्या नकळत किती घड्याळे चालू असतात ते मांडून पाहिले.

पहिले घड्याळ कार्डाचे. व्हिसा किंवा मास्टरकार्डवरून पैसे भरले आणि वस्तू आलीच नाही, तर आपल्या बँकेमार्फत ते पैसे परत मागण्याची सोय त्यांच्या नियमांत आहे. तिची मुदत साधारणपणे वस्तू मिळायची होती त्या तारखेपासून १२० दिवस, आणि कितीही वायदे झाले तरी पैसे भरल्यापासून ५४० दिवसांपलीकडे नाही. बँकेलाही कागद पुढे पाठवायला वेळ लागतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात जाणे म्हणजे न जाण्यासारखेच. विक्रेत्याने तारीख पुढे ढकलली असेल तर ती लेखी हवी. मोबाइलवरचा साधा संदेशही चालेल, पण फोनवरचे गोड बोलणे पुरावा होत नाही. पुष्कळांची समजूत असते की तीन दिवसांत कळवले की बँक पैसे देते. तो रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा आदेश वेगळ्या प्रसंगासाठी आहे. आपल्या परवानगीवाचून कोणी खात्यातून पैसे काढले तर तो लागू पडतो. आगाऊ नोंदणीत पैसे आपणच आपल्या हाताने दिलेले असतात. आणि कोणा व्यक्तीच्या नावच्या क्यूआर कोडवर किंवा खात्यावर थेट पैसे पाठवले असतील, तर कार्डासारखा आधार हाताशी जवळजवळ नसतोच.

दुसरे घड्याळ विक्रेत्याचे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक ऑनलाइन बाजाराने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे. त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात तिचा निकाल लावायचा. हे घड्याळ विक्रेत्याच्या विरुद्ध चालते, पण त्याला किल्ली ग्राहकाने द्यावी लागते. लेखी तक्रारच केली नाही तर महिना सुरूच होत नाही. वहिनींनी आठ-दहा फोन केले होते. लेखी तक्रार एकही नव्हती.

तिसरे घड्याळ ग्राहक आयोगाचे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. हे सर्वांत सावकाश चालणारे घड्याळ, आणि ग्राहकाला सर्वांत अनुकूल. पूर्वी विक्रेता दिल्लीचा असला की तक्रारही तिकडे करावी लागेल या भीतीनेच माणूस गप्प बसायचा. आता ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे आमच्यासाठी अकोल्यातच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आणि पूर्ण पैसे दिलेले असोत वा थोडे, आगाऊ रक्कम भरणारा हा कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच असतो. वस्तू हाती आलेली नाही म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही.

पण या दोन वर्षांवरही निर्धास्त झोपू नये. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात सांगितले, की मुदत उलटलेली तक्रार दाखल करून घेऊ नये ही आयोगाला कायद्याची आज्ञाच आहे; प्रतिपक्षाने मुद्दा काढला नाही तरी आयोगाने तो स्वतः तपासला पाहिजे. पत्रापत्री करत राहिल्याने मुदत आपोआप वाढत नाही, हा त्यातला धडा. उलट जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत त्याच न्यायालयाने म्हटले, की बिल्डर भोगवटा प्रमाणपत्र मिळवून देत नाही तोवर त्याची चूक रोज नव्याने घडते, म्हणून मुदतही संपत नाही. दुसरा निकाल वाचून मन सुखावते. पण तो घराचा, बिल्डरच्या कायद्याने ठरवलेल्या जबाबदारीचा निकाल होता. मशीनच्या पावतीला तो लावून दाखवण्याची जोखीम ग्राहकाने का घ्यावी? मुदतीच्या आत दार ठोठावले तर हा वादच उरत नाही.

आगाऊ नोंदणीचा खरा पेच इथे आहे. विक्रेत्याची तारीख लवचीक असते, तक्रारीची तारीख नसते. परदेशातल्या पेपाल या पैसे चुकते करणाऱ्या कंपनीकडे २०१४ पर्यंत ग्राहकाला पैसे भरल्यापासून फक्त पंचेचाळीस दिवस मिळत. त्या वर्षी ते एकशेऐंशी केले गेले. आता विक्रेत्याने वस्तूच मुळी सात महिन्यांनी देऊ म्हटले, तर वस्तू येण्याच्या आधीच संरक्षण संपलेले असते. कोणी लबाडी करायचीच म्हटली, तर त्याला पळून जावे लागत नाही. त्याने फक्त नम्रपणे पुढची तारीख देत राहावे. आपल्यासारखी भिडस्त माणसे 'बिचारे सांगताहेत ना' म्हणून थांबतात, आणि आपल्या थांबण्यानेच त्याचे काम होते.

मौन म्हणजे संमती नव्हे

हे सगळे ग्राहकाने डोळ्यांत तेल घालून सांभाळावे, असे म्हणून कायदा करणाऱ्यांना हात झटकता येणार नाहीत. अमेरिकेत टपालाने माल मागवण्याचा फार मोठा धंदा होता. तिथे १९७५ साली व्यापार आयोगाने नियम केला, की विक्रेत्याने तारीख दिली नसेल तर माल तीस दिवसांत रवाना झाला पाहिजे. जमणार नसेल तर ग्राहकाला कळवून त्याची संमती घ्यायची. उशीर थोडा असेल तर पहिल्या खेपेला त्याचे गप्प राहणे चालते. पण उशीर लांबला किंवा पुन्हा झाला, तर ग्राहकाने स्पष्ट 'हो' म्हटल्याशिवाय मागणी रद्द समजून पैसे परत करायचे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यातही तारीख ठरली नसेल तर तीस दिवसांची मर्यादा आहे. आपल्या नियमांत मात्र पैसे परत करण्यासाठी 'वाजवी मुदत' असा शब्द येतो. वाजवी किती, हे वहिनींना कोण सांगणार? जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरणीसाठी मागवलेले बियाणे जुलैत आले, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने ते आलेच नाही. विक्रेत्याला तो महिनाभराचाच उशीर वाटेल.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. आगाऊ नोंदणीच्या प्रत्येक पावतीवर पोहोचण्याच्या तारखेखालीच 'या तारखेपर्यंत वस्तू न मिळाल्यास अमुक तारखेच्या आत तक्रार करा' ही ओळ ठळक छापली जावी. औषधाच्या बाटलीवर मुदत छापायला लावणाऱ्या देशाला हे अवघड नाही. दुसरे, तारीख पुढे ढकलायची तर ग्राहकाचा लेखी होकार घ्यावा, आणि तो न मिळाल्यास पैसे आपोआप परत जावेत. तिसरे, पूर्ण किंमत आगाऊ घेतली असेल तर वस्तू पोहोचेपर्यंत ती विक्रेत्याच्या खिशात न जाता मधल्या विश्वासू खात्यात राहावी. पोस्टमनने जे काम शंभर वर्षांहून अधिक काळ केले, ते करायला आजच्या यंत्रांना जमू नये हे पटत नाही. विक्रेत्यांवर याचा बोजा पडेल, लहान उद्योगाला भांडवल मिळणार नाही, असा आक्षेप निघेल. तो अगदीच खोटा नाही. केतकरांना वर्गणीदारांचे पैसे कुलपात ठेवावे लागले असते तर ज्ञानकोश झाला असता का, हा प्रश्न मीही स्वतःला विचारला. पण वर्गणीदाराला ठाऊक असते की आपण एका कामाला हात देतो आहोत. मशीन विकत घेणाऱ्या बाईला कोणी सांगितलेले नसते की तुम्ही आमच्या धंद्याला बिनव्याजी कर्ज देत आहात. तसे सांगून मागा, मग ज्याला द्यायचे तो देईल.

तोवर घराने काय करावे? मोठ्या रकमेची आगाऊ नोंदणी शक्यतो कार्डाने करावी. पावती, जाहिरात आणि दिलेली तारीख जपून ठेवावी. तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला लेखी विचारावे. महिन्याने उत्तर नसेल तर बँकेत जावे. बँकही तीस दिवस गप्प राहिली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची वाट मोकळी आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. विक्रेता मुळात खोटाच होता असे दिसले, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर त्याच घटकेला फोन करावा. तिथे दिवस नव्हे, तास मोजले जातात. यातले काहीही करणे म्हणजे भांडण नव्हे. वस्तू आली तर तक्रार मागे घेता येते. गेलेली मुदत मागे घेता येत नाही.

वहिनींचे तिसरे घड्याळ अजून चालू होते, एवढेच आमचे नशीब. मी तारीखवार हकिकत लिहून दिली, त्यांच्या मुलाने ती ई-जागृतीवर भरली, आणि अकोल्याच्या आयोगात तक्रार दाखल झाली. निकाल लागायचा आहे. दरम्यान त्यांनी बचत गटातून कर्ज काढून अमरावतीहून एक वापरलेली भरतकामाची मशीन आणली, डोळ्यांनी पाहून, चालवून. तिचा हप्ता आणि जुन्या साडेबावीस हजारांचा खड्डा, दोन्ही आता त्याच मशीनवर फेडायचे आहेत.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडर आल्याची तारीख जिथे लिहिलेली असते, तिथे पुढच्या महिन्यातल्या एका चौकोनाभोवती लाल पेनाने गोल केलेला दिसला. सुनावणीची तारीख होती. "भाऊजी, या खेपेले थांबा म्हणू नका," वहिनी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. मी म्हणालो, "नाही म्हणत." आणि घरी येऊन माझ्या डायरीतही तीच तारीख लिहून ठेवली.